चारचं मॅगझिन, भरायची तीनच: शॉर्ट अ‍ॅक्शन ७ एमएम-०८, नऊ महिन्यांनंतर

आधीच सांगतो, या शिकारी रायफलच्या ७ एमएम-०८ काडतुसाबद्दल माझी एका अक्षराचीही तक्रार नाही. तक्रार मॅगझिनची, म्हणजे काडतुसं भरायच्या सुट्या डबीची आहे आणि ती लांबलचक आहे.

मोसमातली तिसरी सकाळ. अंतर १८० मीटर, नर एल्क (मोठं हरीण) आडवा उभा. पहिली गोळी खांद्यामागे बसली, तरी जनावर उभंच. सवयीने बोल्ट (मॅगझिनमधलं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी, ढकलणारा दांडा) मागेपुढे केला, परत नेम धरला आणि घोडा दाबला. टक्. चेंबर रिकामं! खाली बघतो तर मॅगझिन अर्धा अंगठा लोंबतंय आणि बोल्ट काडतुसांच्या डोक्यावरून नुसताच सरकून गेलेला. तेवढ्यात एल्क चाळीसेक पावलं चालला आणि कोसळला. म्हणजे ज्या मिनिटाला काडतूस पास झालं, त्याच मिनिटाला रायफल नापास.

आता ही रायफल घेतलीच का, ते. माझ्याकडे आधी लाँग अ‍ॅक्शनची .३०-०६ होती. काहीच वाईट नव्हतं, फक्त जड होती आणि माझा खांदा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. शॉर्ट अ‍ॅक्शनचं, म्हणजे आखूड बोल्ट-यंत्रणेचं, गणित सगळ्यांना पाठ आहे: .३०-०६ चं भरलेलं काडतूस जास्तीत जास्त ८४.८ मिमी, .३०८ च्या घराण्यातलं, माझं ७ एमएम-०८ धरून, ७१ च्या आसपास. तेवढा बोल्ट कमी ओढायचा, तेवढं पोलाद कमी. शिकारीतला माझा जुना जोडीदार हसून म्हणाला, "अरे, दीड बोटासाठी एवढा अभ्यास?" तो अजून .३०-०६ च वापरतो, आणि त्याचा बोल्ट माझ्यापेक्षा झपाझप चालतो हे मी नाइलाजाने कबूल करतो. बोल्टचा वेग सरावातून येतो. वजनातली बचत निव्वळ अ‍ॅक्शनपुरती बघितली तर शंभरेक ग्रॅमची. बाकीचं हलकेपण आखूड नळी आणि पातळ दस्त्यातून आलंय. शॉर्ट अ‍ॅक्शन म्हणून जे कौतुक ऐकून मी भाळलो होतो, त्यातलं निम्मं पहिल्या दोन महिन्यांतच वजा झालं.

काडतूस निवडताना मात्र मी वेळ घालवला, आणि तो वाया गेला नाही. इथे खरा मालक मॅगझिनची डबी असते, हे मला उशिरा कळलं. डबीची आतली लांबी ठरलेली, त्यामुळे गोळी लांब घेतली की ती पितळी केसमध्ये खोल बसवावी लागते आणि दारूची जागा खाते. तांब्याच्या गोळ्या त्याच वजनाच्या शिशाच्या गोळ्यांपेक्षा लांब असतात, म्हणून तिथे हे जास्त बोचतं. २००७ सालचं ६.५ क्रीडमूर याच दुखण्यावर काढलंय: केस फक्त ४८.८ मिमीची, म्हणजे लांब गोळीला पुढे ऐसपैस जागा. १९९७ च्या .२६० रेमिंग्टनची गोळी त्याच व्यासाची, पण केस ५१.७ मिमीची, म्हणून तिथे दाटी. .३०० डब्ल्यूएसएम (विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम) जोरकस आहे, पण ते इतकं जाड की डबीत एक काडतूस कमी मावतं. आणि धक्का कमी करायला निघालेल्या माणसाने ते घेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

शेवटी .३०८ की ७ एमएम-०८, एवढंच उरलं. शहाणपण .३०८ च्या बाजूने होतं. १९५२ पासूनचं काडतूस, कुठेही मिळतं. ७ एमएम-०८ शोधावं लागतं, कधी कधी महिनोन्‌महिने. तरी मी तेच घेतलं, कारण १४० ग्रेनची (साधारण ९ ग्रॅमची) गोळी खांद्याला सोसते आणि अडीचशे मीटरच्या आत एल्कला पुरते. त्यापलीकडे मी घोडा दाबत नाही. माझ्या २० इंची नळीतून सरासरी वेग सेकंदाला ८१८ मीटर मोजला. कागदावरच्या आकड्यापेक्षा कमी, पण नळी आखूड असल्यावर तेवढं जाणारच.

आणि मग एक सुखद धक्का. ७ एमएम-०८ म्हणजे १९८० साली केसची मान (गोळी धरणारं तोंड) आवळून बाजारात आणलेलं .३०८ च. मग सरावाच्या मैदानात लोक टाकून जातात त्या .३०८ च्या केस मी का सोडाव्यात? डायमधून (पोलादी साच्यातून) मान आवळून घेतली की काम झालं. लांबीला अर्धा मिलिमीटर कमी भरतात, त्याने माझ्या नेमात काही फरक पडलेला नाही. फक्त बुडावर .३०८ चा छाप तसाच राहतो, म्हणून प्रत्येकीला लाल पट्टा मारतो आणि डबा वेगळा ठेवतो. ही सरमिसळ होऊन चालणारी गोष्ट नाही. नऊ महिन्यांत ३४० गोळ्या झाडल्या, त्यातल्या दोनशेच्या वर फुकटातल्या पितळेवर. एवढं समाधान मला एल्कनेही दिलं नाही.

आता मॅगझिन. रायफल दुरुस्ती केंद्राला पाठवली. पाच आठवड्यांनी परत आली, सोबत चिठ्ठी: दोष आढळला नाही. मी फोन केला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही तीनच भरत जा." मी म्हटलं, मॅगझिनवर चार लिहिलंय. तो म्हणाला, "चार मावतात की." यावर काय बोलणार! भांडून नवं मॅगझिन मिळवलं, तेही तसंच निघालं.

इथे मला माझं मत थोडं बदलावं लागलं. दारू आणि प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) नसलेली डमी काडतुसं घेऊन एका संध्याकाळी टेबलावर बसलो. बोल्ट उघडा ठेवून चार भरलेलं मॅगझिन वीस वेळा लावलं, विसाही वेळा मॅगझिनचा खटका बसला. बोल्ट बंद करून लावलं तर वीसपैकी फक्त अकरा वेळा. तीन भरून बंद बोल्टखाली पुन्हा वीसपैकी वीस. म्हणजे त्या सकाळी चूक माझी हाव होती: एक चेंबरमध्ये घातलं, मॅगझिन काढून परत चार पुरे केले आणि बंद बोल्टखाली दाबून बसवलं. वरचं काडतूस बोल्टच्या बुडाला टेकतं, स्प्रिंगला आणखी दबायला जागा राहत नाही, आणि खटका अर्धवट अडकतो. हाताला मात्र बसल्यासारखंच वाटतं.

तरीही कंपनीला मी सोडत नाही. स्प्रिंगमध्ये दोन मिलिमीटरची ढील ठेवली असती तर हे झालंच नसतं. माहितीपुस्तिकेत दुर्बीण कशी पुसावी यावर अख्खं पान आहे, यावर एक ओळ नाही. जोडीदाराच्या जुन्या रायफलला खाली बिजागरीचं झाकण आहे, काडतुसं वरून बोटाने ढकलायची, निघून पडायला काही नाहीच. आज घेतली असती तर मी तसलीच शॉर्ट अ‍ॅक्शन घेतली असती, काडतूस हेच.

बाकीचं थोडक्यात. घोडा छान, न अडखळता सुटतो. दस्त्यावरची पकड ओल्या हातमोज्यातही धरते. नळी तिसऱ्या-चौथ्या गोळीला तापून नेम किंचित वर नेते, शिकारीत तिचा संबंध येत नाही. सुट्या मॅगझिनची किंमत ऐकून मी फोन ठेवला.

सध्या तीन मॅगझिनमध्ये, एक चेंबरमध्ये. लाल पट्ट्याचं पाचवं खिशात असतं, आणि मॅगझिन लावल्यावर खाली ओढून बघायची सवय लागली आहे, इतकी की परवा जोडीदाराच्या रायफलचं झाकणही ओढून पाहिलं.