ॲलन से यांची चित्रपुस्तकं: काही महिन्यांच्या वाचनानंतर

मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा ॲलन से यांची चार चित्रपुस्तकं घरात आणली. पावसाळा सरून थंडी आली, तरी रात्री त्यातलं एखादं मागितलं जातंच, म्हणून सविस्तर लिहिते.

से यांचा जन्म १९३७ चा, योकोहामाचा. बाराव्या वर्षी ते व्यंगचित्रकार नोरो शिनपेई यांच्या हाताखाली शिकू लागले आणि सोळाव्या वर्षी अमेरिकेत गेले. या चारही पुस्तकांत त्यांचं जपान आहे.

‘ग्रँडफादर्स जर्नी’ला १९९४ चं कॅल्डेकॉट पदक, म्हणजे अमेरिकेतलं चित्रपुस्तकांसाठीचं मानाचं पारितोषिक, मिळालं. तरुणपणी जपान सोडून कॅलिफोर्नियात रमलेले आजोबा पुढे मायदेशी परततात, पण एका देशात असले की दुसऱ्याची ओढ लागते. जलरंगातली माणसं जुन्या कौटुंबिक फोटोत असतात तशी आपल्याकडे बघत स्तब्ध उभी. सुरुवातीला मुलगी भराभर पानं उलटायची. आता त्या चेहऱ्यांवर रेंगाळते. युद्धात घर गेलं, त्यानंतर आजोबांनी पुन्हा गाणारा पक्षी पाळला नाही, एवढंच पुस्तक सांगतं. ‘का नाही पाळला?’ असं तिने विचारलं आणि त्या रात्री वाचन राहिलं, आम्ही बोलतच बसलो. लेखक दुःखाचा अर्थ लावून देत नाही, म्हणून मुलाला तो शोधावासा वाटतो. मला या पुस्तकांचं मोल वाटतं ते यासाठी.

तरी सुरुवात ‘कामिशिबाई मॅन’पासून करा. कामिशिबाई म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची जपानी रीत. सायकलवर लाकडी चौकटीचा छोटा रंगमंच, त्यात एकेक करून बदलणारी चित्रं; आधी गोळ्या विकायच्या, मग गोष्ट सांगायची. टीव्ही आला आणि मुलं पांगली. म्हातारपणी हा गोष्टीवाला पुन्हा शहरात जातो. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची लोककला, ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा माणूस लगेच ओळखीचा वाटेल. मोठ्याने वाचायला तर फारच छान; त्याच्या लाकडी ठोकळ्यांचा ठेका आमच्याकडे मुलगीच धरते.

‘ट्री ऑफ क्रेन्स’मध्ये आई बागेतलं झाड घरात आणून कागदी क्रौंचांनी सजवते. ते वाचून आमच्याकडे घडीकामाचे कागद आले.

‘टी विथ मिल्क’ मात्र आठ-नऊ वर्षांआधी नको. अमेरिकेत वाढलेल्या मुलीला जपानात पुन्हा शाळेत बसावं लागतं, लग्नासाठी स्थळ पाहिलं जातं, शेवटी ती ओसाकात नोकरी धरते. मजकूर बराच आहे आणि तिची घुसमट लहानांना कळत नाही. माझ्या दहा वर्षांच्या भाचीने ते सलग दोनदा वाचलं.

पुस्तकं इंग्रजीत आहेत. मी चित्रं दाखवत मराठीतून सांगते. शक्य असेल तर पुठ्ठा बांधणीची प्रत घ्या, आमच्या एका पेपरबॅकची पानं सुटली.