महापालिकेच्या अभ्यासिकेतील मोफत वाय-फाय : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनपासून मी आमच्या प्रभागातील महापालिकेच्या अभ्यासिकेत आठवड्यातून सहा दिवस बसते आणि तेथील मोफत वाय-फाय दररोज तीन-चार तास वापरते. घर दोन खोल्यांचे आहे, धाकट्या भावाचे ऑनलाइन तास सुरू असतात आणि माझा रोजचा दीड जीबी डेटा दुपारच्या व्याख्यानातच संपतो. त्यामुळे स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी ही सोय माझ्या दृष्टीने फार मोलाची आहे. ती बंद पडू नये आणि तिचा गैरवापर होऊ नये असे मला मनापासून वाटते, म्हणूनच हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

सकाळच्या वेगाबद्दल फारशी तक्रार नाही. सकाळी सात ते नऊ या वेळेत जुन्या प्रश्नपत्रिका आणि आर्थिक पाहणीचे जाडजूड अहवाल काही सेकंदांत उतरतात, तर संध्याकाळी सगळ्या खुर्च्या भरल्या की साधे पानही उघडता उघडत नाही. एका राउटरवरच्या, म्हणजे वाय-फाय पुरवणाऱ्या पेटीवरच्या, सगळ्यांना सिग्नल पाठवण्याचा वेळ वाटून घ्यावा लागतो, आणि कोपऱ्यात बसलेल्या, कमी सिग्नल मिळणाऱ्या फोनला तेवढ्याच मजकुरासाठी जास्त वेळ लागत असल्याने त्याचा भार बाकीच्यांवरही पडतो. मी आता भिंतीवरच्या पेटीजवळची, दुसऱ्या रांगेतली जागा धरते आणि मोठ्या फाइल सकाळीच उतरवून ठेवते.

जोडणी करताना मोबाइल क्रमांक टाकायचा आणि आलेला ओटीपी भरायचा, एवढेच करावे लागते. सुरुवातीला मला ही केवळ औपचारिकता वाटत होती. ऑगस्टमध्ये शेजारच्या टेबलावरचा एक मुलगा म्हणाला, "ताई, माझ्या सिमला रेंज नाही, तुमच्या नंबरवर ओटीपी मागवू का?" मी विचार न करता हो म्हटले. दहा-बारा दिवसांनी माझा क्रमांक यंत्रणेने बंद केला. विचारणा केल्यावर कळले की माझ्या नावावर दोन उपकरणे जोडलेली होती आणि त्यांपैकी एकावरून नव्या चित्रपटांच्या चोरट्या प्रती सतत उतरवल्या जात होत्या. संबंधित कार्यालयात तीन खेटे घातले, लेखी खुलासा दिला, तेव्हा कुठे क्रमांक पुन्हा सुरू झाला. तिथे कोणीही मला नीट समजावून सांगितले नाही याचे वाईट वाटले, पण मूळ चूक माझीच होती, हेही खरे आहे.

ही ओळख का मागितली जाते, हे मी त्यानंतर शोधून वाचले. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना जो ई-मेल पाठवला गेला, त्याचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घराच्या उघड्या, पासवर्ड नसलेल्या वाय-फायपर्यंत लागला होता, आणि त्या घरात राहणाऱ्या, प्रकरणाशी काहीही संबंध नसलेल्या माणसाला चौकशीला सामोरे जावे लागले होते. त्यानंतर 2009 मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवून तशी नोंद ठेवण्याचे निर्देश सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांना दिले. आपल्या क्रमांकावर दुसऱ्याला जोडून देणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देण्यासारखे आहे, हे तेव्हा मला पुरते उमजले. आता कोणी ओटीपी मागितला तर मी नम्रपणे नकार देते आणि हवी असलेली फाइल माझ्याकडून पेन ड्राइव्हवर घेऊन जायला सांगते.

दुसरा प्रसंग ऑक्टोबरमधला आहे आणि माझ्या मते तो अधिक गंभीर आहे. एका दुपारी फोनवरच्या यादीत अभ्यासिकेच्या नावासारखीच दोन नावे दिसली. दुसऱ्या नावाच्या शेवटी फक्त "फ्री" हा शब्द जास्त होता आणि त्याचा सिग्नल पूर्ण होता. मी तेच निवडले. उघडलेल्या पानावर महापालिकेचे चिन्ह होते, नेहमीसारखा मोबाइल क्रमांकाचा रकानाही होता, पण पुढच्या पायरीवर "पडताळणीसाठी एक रुपया" असे लिहून कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे मागितले होते. तिथे माझा हात थांबला. रोजच्या पानाने आठ महिन्यांत एकदाही पैशांचा विषय काढलेला नाही. मी जोडणी तोडली, ते नाव फोनमधून "फर्गेट" केले आणि लगेच देखरेख करणाऱ्या काकांना सांगितले. ते खोडसाळपणाचे काम होते की खऱ्या भामट्याचे, हे शेवटपर्यंत कळले नाही, मात्र संध्याकाळपर्यंत ते नाव यादीतून नाहीसे झाले होते.

वाय-फायचे नाव ही काही ओळखीची खूण नव्हे. कोणीही आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला कोणतेही नाव देऊ शकतो, आणि पासवर्ड नसलेले ओळखीचे नाव दिसले की फोन अनेकदा आपणहून त्याला जोडला जातो. म्हणून मी आपोआप जोडणीचा पर्याय बंद ठेवला आहे आणि बाहेर पडताना वाय-फायच बंद करते. लॅपटॉपवर पहिल्याच जोडणीच्या वेळी "पब्लिक" हा प्रकार निवडला, जेणेकरून त्याच जाळ्यावरच्या इतरांना माझा संगणक सहजी दिसू नये.

हवेतून आपले सगळे काही वाचले जाते, ही भीती मात्र पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएस, म्हणजे मजकूर सांकेतिक रूपात पाठवणारी पद्धत, वापरतात, त्यामुळे शेजारी बसलेल्याला माझा पासवर्ड किंवा पत्रातला मजकूर वाचता येत नाही. फार तर मी कोणत्या संकेतस्थळावर गेले, एवढे कळू शकते. पण ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणारे कुलपाचे चिन्ह म्हणजे समोरचा प्रामाणिक असल्याची हमी नाही, कारण फसव्या पानालाही ते कुलूप सहज मिळते. संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राबद्दल इशारा देणारी पाटी आली तर "तरीही पुढे जा" असे मी कधीच दाबत नाही. बँकेचे आणि यूपीआयचे व्यवहार मी मोबाइल डेटावरच करते. तांत्रिकदृष्ट्या ती ॲप स्वतःचे संरक्षण घेऊन येतात, तरी अशा ठिकाणी घाईत चुकीच्या पानावर बोट पडण्याचा धोका मला नको आहे. मोफत व्हीपीएन, म्हणजे आपली सगळी जोडणी दुसऱ्या कंपनीच्या संगणकामार्फत वळवणारी सेवा, घेण्याचा सल्ला अनेक जण देतात, तो मला पटलेला नाही, कारण त्यात विश्वास फक्त एका अनोळखी हातातून दुसऱ्या अनोळखी हातात जातो. पैसे गेलेच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ फोन करावा, हे मी घरच्या सगळ्यांना पाठ करून ठेवायला लावले आहे.

जबाबदारीचा भाग डिसेंबरमध्ये फार जवळून पाहिला. एका भरतीच्या अर्जाची ती शेवटची तारीख होती आणि माझ्या मागे बसलेल्या मुलीचे छायाचित्र आणि सही काही केल्या चढत नव्हती. पान दर वेळी "टाइम आउट" दाखवून कोरे होत होते आणि तिचे डोळे भरून आले होते. तेव्हा तीन जण क्रिकेटचा सामना पाहत होते, आणि माझ्याच फोनमधून चारशे छायाचित्रांची प्रत इंटरनेटवर साठवली जात होती, कारण वाय-फाय मिळताच ते काम आपोआप सुरू होते. मी ते थांबवले, सामना पाहणाऱ्यांना विनंती केली, त्यांनीही विनातक्रार ऐकले, आणि सात-आठ मिनिटांत तिचा अर्ज गेला. त्या दिवसापासून मी या वाय-फायला फोनच्या सेटिंगमध्ये "मीटर्ड", म्हणजे मोजून वापरायची जोडणी, ठरवले आहे, त्यामुळे ॲपची अद्ययावत रूपे आणि छायाचित्रे घरी गेल्यावरच हलतात.

एक त्रुटी अजून होती. दारावरच्या छापील सूचनेत वाय-फायचे नाव जोडरेघेसह लिहिले होते आणि प्रत्यक्षात ते जोडरेघेविना आहे, त्यामुळे खरे नाव कोणते हे नव्या माणसाला ताडून पाहण्याची सोयच नव्हती. मी काकांना तसे दाखवले. त्यांनी वरिष्ठांना विचारून अचूक नाव मोठ्या अक्षरांत लिहून घेतले, त्याखाली "येथे पैसे किंवा कार्डाचा क्रमांक कधीही मागितला जात नाही" अशी ओळ माझ्याकडून लिहवून घेतली आणि गेल्या सोमवारी तो कागद पाण्याच्या पिंपाशेजारी, सगळ्यांची नजर जाईल अशा जागी चिकटवला.