लिंकनच्या मागे दक्षिणेला, की गव्हामक्यातून पश्चिमेला?

शिकागोहून गाडी काढून शेतशिवारातून जायचं आणि अमेरिकेच्या जुन्या राष्ट्राध्यक्षांची घरं बघायची, असा बेत असेल तर दोन वाटा आहेत. दक्षिणेची वाट लिंकनची: स्प्रिंगफील्ड, मग इंडियाना, शेवटी केंटकी. फेरी साधारण ९०० मैलांची, तीन-चार दिवसांत होते. पश्चिमेची आयोवा, मिझुरी, कॅन्सस अशी जाते. तिच्यावर हूवर, ट्रुमन आणि आयसेनहॉवर या तिघांची गावं लागतात. येऊन-जाऊन १,३०० मैल, म्हणजे पाच दिवस हवेतच.

हाताशी दोनच दिवस असतील किंवा सोबत लहान मुलं असतील तर सरळ स्प्रिंगफील्डला जा. लिंकनच्या मालकीचं आयुष्यात एकच घर झालं, ते इथलं. आत जायला पैसे पडत नाहीत, मात्र रेंजरसोबतच, म्हणजे तिथल्या सरकारी मार्गदर्शकासोबतच जावं लागतं, म्हणून तिकीट सकाळीच घेऊन ठेवा. समाधी आणि संग्रहालयही याच गावात आहे. आपल्याकडे शाळेच्या भिंतीवर लागलेलं हेडमास्तरांना लिहिलेलं ते पत्र लिंकननेच लिहिलं, याला पुरावा नाही. पण त्या पत्रामुळे लहानपणीच मनात घर केलेल्या माणसाच्या दारात उभं राहताना आत काहीतरी हलतंच.

पुढे इंडियानात लिंकनची आई नॅन्सी हिची कबर आहे. १८१८ साली ती दुधाने गेली. गायींनी रानातली पांढऱ्या फुलांची एक विषारी वनस्पती खाल्ली की विष दुधात उतरायचं, आणि कारण कुणालाच कळायचं नाही. लिंकन तेव्हा नऊ वर्षांचा होता. माझ्या मते या वाटेवर सर्वात जास्त वेळ इथे द्यावा. केंटकीत त्याच्या जन्मस्थळी स्मारकाला तो जगला तितक्या वर्षांच्या, ५६ पायऱ्या आहेत, पण आतली लाकडी झोपडी त्याच्या जन्माची नव्हे, प्रतीक म्हणून ठेवलेली आहे. या वाटेवर बरंच काही असं नव्याने उभारलेलं आहे.

पश्चिमेला तसं कमी. आयोवातल्या वेस्ट ब्रांचला हूवरचं जन्मघर आहे, १४ बाय २० फुटांचं, दोन खोल्यांचं. वडील लोहार. दहा वर्षांचा होण्याआधीच आईवडील दोघेही गेले. मोठेपणी याच माणसाने पहिल्या महायुद्धात उपाशी बेल्जियमला धान्य पोचवलं. पुढे राष्ट्राध्यक्ष असताना आलेल्या महामंदीचं खापर त्याच्या माथी फुटलं, तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. टेकाडावरच्या त्याच्या कबरीपाशी उभं राहिलं की समोर ते घर दिसतं. शेजारी ८१ एकरांवर उंच गवताची प्रेअरी, म्हणजे इथलं मूळ गवताळ माळरान, पुन्हा वाढवली आहे. नांगर लागण्याआधी आयोवा कसा होता, ते तिथे चालताना कळतं.

मिझुरीत इंडिपेंडन्सला ट्रुमनचं घर आहे. त्याचा कोट आणि टोपी अजून खुंटीला आहे. १९०६ ते १९१७ ही वर्षं त्याने ज्या शेतात राबून काढली, ते मात्र आता दुकानांनी वेढलं आहे. तिथे शेत बघायच्या आशेने जाऊ नका.

कॅन्ससमधल्या ॲबिलीनला आयसेनहॉवर वाढला. वडील लोण्याच्या कारखान्यात कामाला होते. १९१९ मध्ये वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला गेलेल्या लष्करी गाड्यांच्या ताफ्यात तो होता, त्या प्रवासाला ६२ दिवस लागले. तो त्रास तो विसरला नाही. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९५६ च्या महामार्ग कायद्यावर सही त्याचीच, आणि ॲबिलीनला तुम्ही पोचता तो आय-७० महामार्ग त्याच कायद्याने उभ्या राहिलेल्या जाळ्यातला.

पाच दिवस निघत असतील तर मी पश्चिमच सांगेन. तिकडे एका घराकडून दुसऱ्या घराकडे जाताना खिडकीबाहेरची शेती आजची असते. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात निघा. कॅन्ससमध्ये गव्हाची कापणी चालू असते. माणसाच्या उंचीचा मका बघायचा असेल तर जुलैअखेर जा, पण तोवर गहू घरात गेलेला असतो.