शून्य पुढे की मागे? बडोद्याच्या अलकापुरीतल्या एका इमिग्रेशन ऑफिसचा आमचा अनुभव (५ पैकी २ स्टार)

दोन स्टार देतेय, त्यातला एक आईच्या फोटोसाठी आणि एक पीसीसी म्हणजे पोलीस क्लिअरन्ससाठी. ऑफिसचं नाव लिहीत नाही, कारण भांडण काढायचं नाहीये, आणि अलकापुरीत आर. सी. दत्त रोडच्या आसपास अशी ऑफिसं इतकी आहेत की जे आमच्याकडे झालं ते दुसरीकडे होणार नाही असं काही नाही. दुसरा मजला, एसी, भिंतीवर स्वातंत्र्यदेवीचं मोठं पोस्टर, बसल्या बसल्या थंड पाणी, सगळं ओके. पॅकेज दोघांचं मिळून १८,००० रुपये, सरकारी फी वेगळी.

आधी थोडं मागचं सांगते नाहीतर कळणार नाही. दादा न्यू जर्सीत एडिसनला असतो, खूप वर्षांपासून सिटिझन आहे. बाबा बँकेतून रिटायर झाले आणि २००८ मध्ये दादाने त्यांचं ग्रीन कार्ड करून तिकडे नेलं. आई तेव्हा गेलीच नाही, आजी अंथरुणाला खिळलेली होती, दांडिया बाजारातलं घर सोडून कोण जाणार. बाबा एकटे गेले, तीन वर्षं कसेबसे काढले आणि २०११ ला परत आले ते आलेच. पुढे टुरिस्ट व्हिसावर जाता यावं म्हणून आय-४०७ फॉर्म भरून कार्ड परत केलं. विषय संपला असं आम्ही समजलो. आता बाबा ७६ चे, आई ७० ची, दादा म्हणाला दोघं इकडेच या. सिटिझनचे आईवडील असले की भावंडांसारखी वर्षानुवर्षं लाईन नसते, म्हणून २०२३ मध्ये परत आय-१३० (सिटिझनने नातेवाईकासाठी भरायचा अर्ज) टाकायचं ठरलं आणि मी या ऑफिसमध्ये गेले, कारण दादाला वेळ नसतो आणि मला फॉर्म बघितले की डोकं दुखतं.

आता मुद्दा. एकदा ग्रीन कार्ड झालं की माणसाला एक ए नंबर मिळतो, एलियन रजिस्ट्रेशन नंबर, आणि कार्ड परत केलं म्हणून तो नंबर काही पुसला जात नाही. तिकडे त्या नंबरची फाईल असतेच. आय-१३० मध्ये ज्याच्यासाठी अर्ज आहे त्याचा ए नंबर असेल तर लिहा असा कॉलम असतो. बाबांचा होता, आईचा नव्हता. बाबांनी त्यांची पत्र्याची पेटी उघडून २००८ चा जुना पासपोर्ट काढला, त्यात तेव्हाचा इमिग्रंट व्हिसा चिकटवलेला आहे, त्यावर रजिस्ट्रेशन नंबर म्हणून छापलेला असतो तो हाच. ऑफिसमध्ये मात्र पासपोर्टच्या जोडीला आय-४०७ ची कॉपी दिली, आणि त्या कॉपीत बॉलपेनने नुसते ८ आकडे लिहिले होते.

नियम असा आहे की ए नंबर ७, ८ किंवा ९ आकडी असू शकतो आणि फॉर्ममध्ये ९ जागा असतील तर ए च्या लगेच पुढे शून्य लावून ९ करायचे. म्हणजे शून्य सुरुवातीला. ऑफिसमधल्या आमच्या भाईंनी काय केलं, ८ आकडे टाईप केले, एक डबा रिकामा राहिला, म्हणून शेवटी शून्य मारला. झाले ९. आता सुरुवातीला शून्य म्हणजे तोच नंबर, पण शेवटी शून्य म्हणजे दहापट झाला ना, कोणाचा तरी दुसऱ्याचा नंबर किंवा कोणाचाच नाही. ही गोष्ट शाळेतल्या पोराला कळते.

आणि आणखी एक, जे मला खूप उशिरा कळलं. आय-१३० मध्ये फॉर्म दुसऱ्या कोणी भरला असेल तर त्याचं नाव पत्ता सही टाकायचा वेगळा भाग असतो. यांनी तो कोरा ठेवला. मी विचारलं तर "एनी जरूर नथी बेन." सही दादाची, म्हणजे चूक पण दादाची. तिकडे अमेरिकेत असा कायदेशीर सल्ला फक्त वकील नाहीतर सरकारमान्य प्रतिनिधी देऊ शकतात, इथे बोर्ड लावला की झालं. हा कोरा भाग दिसला तेव्हाच मी उठून यायला पाहिजे होतं, नाही उठले, एसी छान होता.

आय-१३० पास झाला. पास झाला म्हणून आम्ही खूष, पेढे पण वाटले. खरं तर त्यात फक्त नातं खरं आहे का एवढंच बघतात, म्हणून चुकीचा नंबर तसाच पुढे सरकला. मधल्या काळात ऑफिसने काम चांगलं केलं हे सांगायला पाहिजे. पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्स कधी काढायचं, लवकर काढलं तर कसं वाया जातं, मुंबईत मेडिकल आणि इंटरव्ह्यूत किती दिवस ठेवायचे, सगळं नीट सांगितलं. आईचा २ बाय २ इंचाचा फोटो दुसरीकडे दोनदा रिजेक्ट झालेला, चष्म्यामुळे आणि सावलीमुळे, तो यांच्याकडे पहिल्या फटक्यात झाला. ज्यांचं सरळ केस आहे, पहिल्यांदाच जाताय, एकच नंबर आहे, त्यांचं काम इथे होईल, माझ्या आईचं झालंच.

मुंबईत बीकेसीला अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यू. आईचं दोन मिनिटांत. बाबांना ऑफिसरने विचारलं, पूर्वी ग्रीन कार्ड होतं का? बाबा म्हणाले हो, होतं, परत केलं. मग त्यांनी स्क्रीनवर बघितलं, परत विचारलं, फॉर्ममधला हा नंबर तुमचाच का? बाबांना पाठ थोडाच होता. शेवटी हातात २२१(जी) चा कागद, म्हणजे व्हिसा तूर्त अडकला, जुन्या कार्डाचा पुरावा आणा. त्या रात्री गाडीत बाबा बडोद्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत, आई मधून मधून नुसती म्हणत होती, होईल हो.

घरी आल्यावर मी आणि बाबा पेटी घेऊन बसलो. बाबांचं भिंग, जुना पासपोर्ट, आय-४०७ ची कॉपी आणि ऑफिसने दिलेली फाईल. व्हिसावरचा नंबर बघितला, ए, मग शून्य, मग आठ आकडे. फाईलमध्ये आठ आकडे, मग शून्य. बाबा ३४ वर्षं बँकेत होते, त्यांनी बोट ठेवलं आणि फक्त "हं" म्हणाले. त्या "हं" मध्ये सगळं आलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये गेलो. भाई शांत. म्हणाले, "अरे काका, शून्य तो शून्य छे, आगळ होय के पाछळ." बाबा म्हणाले, "बरं, मग तुमच्या १८,००० मधला पाछळचा एक शून्य मी काढून घेतो, चालेल?" ऑफिसमध्ये बसलेली बाकीची माणसं हसली, भाई नाही हसले. पण चूक मान्य करून कव्हर लेटर लिहून देतील तर शपथ, म्हणाले ते वेगळं काम, वेगळा चार्ज. शेवटी लेटर दादाने लिहिलं, कोणत्या फॉर्ममध्ये कुठे काय चुकलं, बरोबर नंबर कोणता, आणि सोबत जुन्या व्हिसाची आणि आय-४०७ ची कॉपी. पाच आठवड्यांनी बाबांचा व्हिसा आला. त्यावर रजिस्ट्रेशन नंबर तोच जुना, शून्य पुढे. कित्येकांना अशा वेळी नवाच नंबर मिळतो आणि मग एका माणसाच्या दोन फायली होतात, ते झालं तरी जग बुडत नाही, फक्त पुढच्या प्रत्येक फॉर्मवर दोन्ही नंबर सांगायचे आणि फायली एकत्र करायला सांगायचं. लपवायचं नाही एवढंच. आमचे भाई मात्र आधी म्हणत होते, "जुना कशाला दाखवता, नवीन सारखंच टाकू." नशीब बाबा अशा बाबतीत हट्टी आहेत.

पुढचा किस्सा फीचा. व्हिसा हातात आला की युएससीआयएसची, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची, इमिग्रंट फी ऑनलाईन भरायची असते, माणशी २३५ डॉलर, त्याशिवाय कार्ड छापत नाहीत. त्यात दोन गोष्टी टाकाव्या लागतात, ए नंबर आणि परराष्ट्र खात्याचा केस नंबर, जो मुंबईच्या केसमध्ये बीएमबी ने सुरू होतो. दोन्ही एकमेकांशी जुळले तरच पुढे जातं. पॅकेजमध्ये हे पण होतं म्हणून ऑफिसला दिलं. आईची फी भरली. बाबांची तीनदा अडकली, भाई म्हणाले अमेरिकेचं सर्व्हर डाऊन आहे. सर्व्हर! मी त्यांच्या स्क्रीनकडे वाकून बघितलं, बाबांच्या फोल्डरमधून तोच जुना, शून्य मागे असलेला नंबर कॉपी पेस्ट चालला होता. इतकं भांडण होऊन फाईल दुरुस्तच केली नव्हती. आणि फाईलच्या कव्हरवर मार्करने मोठ्या अक्षरात "ए नंबर" म्हणून काय लिहिलं होतं माहितीये? बीएमबी वाला केस नंबर. मी व्हिसाचा फोटो दादाला पाठवला, त्याने एडिसनहून पाच मिनिटांत भरली.

मे मध्ये दोघं गेले. नेवार्कला उतरल्यावर पासपोर्टमधल्या व्हिसावर शिक्का बसतो आणि तोच एक वर्ष ग्रीन कार्डाच्या जागी चालतो, त्यामुळे कार्ड यायला वेळ लागला तरी काही अडत नाही, हे मी मुद्दाम लिहितेय कारण आईचं कार्ड आधी आलं आणि बाबांचं आलं नाही म्हणून आमच्याकडे परत धाकधूक सुरू झाली होती. बाबांचं तीन आठवड्यांनी आलं.

आता वाटेल संपलं. नाही. ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "फाईल क्लोज करवा" कार्डाचे फोटो मागितले, दादाने पाठवले पुढून मागून (पाठवायला नको होते, असं कार्ड कुठेही पाठवू नका). दुसऱ्या दिवशी भाईंचा फोन, "बेन, मोटो प्रॉब्लेम, नंबर मिसमॅच छे." म्हणजे पुढे एक नंबर, मागे दुसरा, आय-९० भरून कार्ड बदलावं लागेल, त्यांचा चार्ज ९,०००, सरकारी फी वेगळी. माझ्या पोटात गोळा. बाबांना सांगितलंच नाही, दादाला सांगितलं, मग आम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर, तो कार्ड हातात धरून, मी फोटो मोठा करून.

नीट बघितलं की कळतं. पुढे "युएससीआयएस नंबर" म्हणून जो आहे तोच ए नंबर, फक्त ए अक्षर छापत नाहीत. मागे तळाशी मशीनने वाचायच्या तीन ओळी असतात. पहिली ओळ सी१यूएसए अशी सुरू होते, त्याच्या पुढे ए नंबरचे ९ आकडे, आणि त्यांना चिकटून एक दहावा आकडा. हा दहावा आकडा नंबरचा भागच नाही, मशीनला नंबर बरोबर वाचला का ते ताडून बघायला असतो. त्याच्या पुढे ३ अक्षरं आणि १० आकडे असा १३ चा वेगळा नंबर, तो ए नंबरशी जुळायचं काही कारणच नाही. भाईंनी दहावा आकडा धरून वाचलं आणि मिसमॅच काढला. बाबांना शेवटी सांगितलंच, ते म्हणाले, चेकवर पण खाली असे आकडे असतात, ते कोणी खाते नंबर म्हणून वाचतं का.

आणि समजा खरंच कार्डावर चूक असती, आणि ती युएससीआयएसची असती, तर आय-९० ला फी लागतच नाही, चुकीचं कार्ड सोबत पाठवायचं. आपल्या बाजूने चूक असेल तर फी, आम्ही बघितलं तेव्हा ऑनलाईन ४१५ डॉलर. एवढं तर धंदा करणाऱ्याला माहीत पाहिजे की नको? मी भाईंना त्या तीन ओळींचा फोटो गोल करून पाठवला. ब्लू टिक आल्या, उत्तर नाही.

तुम्ही जाणारच असाल तर जा, पण फॉर्म सबमिट करायच्या आधी प्रिंट मागा आणि घरी आणून घरातल्या सगळ्यात कटकट्या माणसाला वाचायला द्या, आकडा न् आकडा, जुन्या कागदाशी लावून. आमच्याकडे बाबा होते आणि तरी आम्ही त्यांना प्रिंट दाखवलीच नाही, म्हटलं एवढे पैसे देतोय तर ते बघतील. जुने पासपोर्ट फेकू नका. ज्यांचं पूर्वी कधी कार्ड होतं, किंवा शिकायला गेला होतात तेव्हा कामाचं परमिट कार्ड काढलेलं, त्यावर पण ए नंबर असतो, ते विसरलेलं असतं आणि नेमकं तेच आडवं येतं.

बाबा आता एडिसनमध्ये आहेत, ओक ट्री रोडवर सगळं मिळतं पण सेव उसळ बडोद्यासारखी नाही अशी रोज तक्रार. परवा मला ऑफिसचा मेसेज आला, "बेन, काकानुं काम थई गयुं ने, एक रिव्ह्यू लखी आपो, रेफरन्स पर १० टका डिस्काउंट." म्हटलं लिहिते.