सेवेसाठी स्पीकर: पिशवीतला छोटा की खांद्यावरचा मोठा?

घरोघरी जाऊन बायबलचं वचन ऐकवायचं असेल, तर मी छोट्याच्याच बाजूने आहे. 5 वॅटचा, तळहातावर मावणारा. आठ-दहा माणसं जवळ बसली की तेवढा आवाज पुरतो, आणि शब्द स्पष्ट ऐकू येतात. गाण्यांचा बास नसला तरी चालेल, वचनातला शब्द हरवता कामा नये.

अंगणात पन्नास जणांपुढे चित्रपट दाखवायचा तर 20-30 वॅटचा मोठा हवाच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. मागच्या ओळीतल्या आजी कानामागे हात धरून पुढे वाकतात, ते बघवत नाही. पण मोठ्याचं ओझं असतं, आणि काहींना वेगळा अडॅप्टर लागतो. छोटा पॉवर बँकेवरही चार्ज होतो; वीज बेभरवशाची असेल तिथे हे फार मोलाचं.

कोणताही घ्या, मेमरी कार्डची सोय बघाच. ब्लूटूथवर ऐन प्रार्थनेत फोन वाजला की सगळ्यांचं लक्ष उडतं. चित्रपटाला तर ब्लूटूथपेक्षा ऑक्सची, म्हणजे स्पीकरला थेट जोडायची, वायरच बरी; आवाज मागे पडत नाही, ओठ आणि आवाज जुळतात.