वाइनच्या बाटलीची जेल स्लीव्ह: बालीत काही महिने वापरल्यावर

स्लीव्हची खालची शिवण उसवली. वॉरंटीच्या आत उसवली, आणि सानूरच्या एका बऱ्यापैकी रेस्टॉरंटात पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर निळं चिकट जेल पसरलं. कंपनीने काय उत्तर दिलं ते पुढे येईलच. स्लीव्ह म्हणजे गोठवून बाटलीवर चढवायचं जेल भरलेलं आवरण; ती दिसते कशी, फ्रीझरमध्ये किती वेळ ठेवायची वगैरे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा ते सोडून देते. आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन काही महिने बालीत राहिलो, आधी सानूर, मग उबुड, शेवटी उत्तरेला लोविना. तेवढा काळ ही स्लीव्ह जवळजवळ रोज वापरात होती.

घेतली ती चिडून. बालीत वाइन महाग, आणि एवढे पैसे मोजून ती कोमट मिळते. बाहेरून येणाऱ्या वाइनवर इंडोनेशियात 90 टक्के आयात शुल्क, त्यावर अबकारी, त्यावर बाकीचे कर, शेवटी रेस्टॉरंटवाल्याचा नफा. त्यामुळे इतरत्र रोजच्या जेवणाबरोबर लोक जी साधी बाटली उघडतात ती इथे मेन्यूकार्डात मानाने बसलेली असते. वर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं. ती नीट बघा. 4,00,000 रुपियांची बाटली घेतली, त्यावर 10 टक्के सर्व्हिस आणि त्या बेरजेवर 10 टक्के कर लागला की बिल 4,84,000. मेन्यूत ‘नेट’ असं छापलेलं असेल तर तीच किंमत अंतिम, आणि अशा जागी मला जेवण आपोआप चवदार लागतं.

येताना बाटल्या घेऊन या म्हणाल, तर माणशी एक लिटरच चालतं. म्हणजे दोघांत फार तर एकेक बाटली. पहिल्या आठवड्यात विषय संपला.

सुरुवातीला या स्लीव्हबद्दल माझं मत वाईट होतं. खोक्यावर लिहिलंय, व्हाइट वाइन काही मिनिटांत थंडगार. होत नाही. माझ्याकडे स्वयंपाकातला टोचायचा थर्मामीटर आहे, तो बाटलीच्या गळ्यातून सोडून पाहिला. दुकानातून आणलेली 30 अंशांची बाटली वीस मिनिटांनी 20 च्या आसपास आली आणि तिथून पुढे रेंगाळतच उतरली. व्हाइट आणि रोझेला 8 ते 12 अंश हवेत. स्पार्कलिंगला 6 ते 8, पण तो प्रश्नच येत नाही, कारण स्पार्कलिंगच्या बाटलीवर ही स्लीव्ह चढत नाही. आतला दाब सोसायला त्या बाटलीची काच जाड आणि पोट रुंद असतं. जोर लावून चढवायला गेलं की ताण सगळा खालच्या शिवणीवर येतो. (मी जोर लावलेला नाही. कंपनीला वाटतंय लावला.)

व्हाइटसाठी बादलीच खरी, पण अर्धी पाण्याने भरलेली. नुसत्या बर्फात बाटली ठेवली तर खडे चार ठिकाणी टेकतात आणि मधे हवा राहते. पाणी घातलं की गारवा सगळीकडून लागतो. मूठभर मीठ टाकलंत तर ते पाणी शून्याखालीही उतरतं. बालीत बर्फाला तोटा नाही, कुठल्याही वारुंगमध्ये, म्हणजे छोट्या खानावळीत, ‘एस बातू’ (बर्फ) म्हटलं की पिशवी हातात. तेव्हा एवढंच असतं तर मी दोन तारे देऊन मोकळी झाले असते.

मग एका संध्याकाळी नवऱ्याने ती रेडला चढवली आणि माझं मत फिरलं.

भरदार रेड 16 ते 18 अंशांवर बरी लागते, हलकी त्याहूनही थंड. सेमिन्याक नाहीतर चांगूच्या भिंती नसलेल्या रेस्टॉरंटात फळीवरची बाटली हवेइतकीच गरम असते, म्हणजे 30 च्या आगेमागे. अशी रेड ओतली की नाकाला आधी अल्कोहोलची वाफ झोंबते, फळाचा वास जॅमसारखा होतो आणि घोट संपल्यावर घशात नुसती गरमी उरते. स्लीव्ह चढवून अर्धा तास थांबलं की तीच बाटली 17-18 वर येते, आणि आपण कशाचे पैसे दिले ते कळतं. व्हाइटला जे वीस अंश निरुपयोगी, ते रेडच्या अगदी जवळ. खोक्यावर रेडचा शब्दही नाही. ज्या कामासाठी ही वस्तू विकतात त्यात ती बेताची, आणि ज्याबद्दल कंपनी गप्प आहे त्यात अव्वल.

शिवण सोडून.

आता फ्रीझर. हॉटेलच्या खोलीतला मिनीबार म्हणजे फ्रीझर नव्हे. बऱ्याच मिनीबारना कॉम्प्रेसर नसतो, म्हणून ते आवाज करत नाहीत आणि म्हणूनच फारसं गारही करत नाहीत. दुपारी एसी बंद असलेल्या खोलीत तर पाणी जेमतेम गार. त्यात जेल गोठणं शक्यच नाही. मग आम्ही स्लीव्ह दुसऱ्यांच्या फ्रीझरमध्ये ठेवायला लागलो. होमस्टेच्या इबूने (इथे बाईंना असंच म्हणतात) आनंदाने ठेवून घेतली, बांगडा माशांच्या थप्पीशेजारी. वरच्या कापडाला तो वास जो लागला तो दोनदा साबणात भिजवूनही जात नव्हता. शेवटी झिप असलेल्या प्लास्टिक पिशवीत घालून देऊ लागले. तुम्हीही पहिल्या दिवसापासून तसंच करा.

यातून एक फायदा झाला. रेस्टॉरंट पारखायची पद्धत सापडली. बसल्या बसल्या वेटरला विचारायचं, “ब्ली (म्हणजे दादा), जेवण येईपर्यंत ही तुमच्या फ्रीझरमध्ये ठेवाल का?” उत्तरावरून जागा कळते. उबुडमध्ये एका मुलाने स्लीव्ह उलटसुलट करून पाहिली, हसला आणि म्हणाला, आमची रेड आम्ही फ्रिजमध्येच ठेवतो, उघडायच्या आधी थोडा वेळ बाहेर काढतो. त्या जागी आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. चांगूत एका ठिकाणी, जिथे खुर्च्यांपेक्षा फोटो काढायच्या जागा जास्त, मला शांतपणे सांगण्यात आलं की रेड थंड करत नसतात. हवा तर ग्लासात बर्फ देतो. तिथे आम्ही बिअर घेतली.

विचारायच्या आधी नजर टाका. बाटल्या कुठे आहेत? पिझ्झाच्या भट्टीवरच्या फळीवर, पश्चिमेच्या काचेपाशी, दिव्यांच्या माळेखाली आडव्या मांडलेल्या असतील तर त्या शोभेच्या आहेत असं समजा. बूच जरा वर आलंय किंवा वरच्या आवरणाखालून चिकट ओघळ सुकलेला दिसतोय, तर ती बाटली उन्हाने भाजलेली आहे, उघडू देऊ नका. अशा वाइनला नंतर कितीही गार केलं तरी गेलेलं परत येत नाही. माझी स्लीव्हही तिथे काही करू शकत नाही.

स्वतःची बाटली न्यायची असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर आधी विचारा, बहुतेक जण टेबलाचं बुकिंगही तिथेच घेतात. कॉर्केज, म्हणजे आपली बाटली उघडून देण्याचा आकार, किती, ते लेखी मागा. एका ठिकाणी कॉर्केज इतकं सांगितलं की त्यात दुकानातून दुसरी स्थानिक बाटली आली असती.

स्थानिक बाटलीवरून आठवलं. बालीत द्राक्षं पिकतात हेच अनेकांना खरं वाटत नाही. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम 8 अंशांवर, तर वाइनची नावाजलेली गावं साधारण 30 ते 50 अंशांच्या पट्ट्यात. इथे थंडी नाही म्हणून वेल झोपतच नाही. छाटणी करून करून वर्षातून एकापेक्षा जास्त पिकं काढतात. मळे उत्तरेच्या बुलेलेंग भागात, लोविनाहून जवळ. इदा बागुस राय बुदारसा यांनी 1994 मध्ये हातेन वाइन्स सुरू केली, पहिली वाइन रोझे, आल्फाँस लाव्हाले या काळ्या द्राक्षाची. 2010 मध्ये साबाबाय आली, मळे तेच उत्तरेचे. शिवाय हातेनचीच ‘टू आयलंड्स’ नावाची मालिका आहे, त्यात द्राक्षं ऑस्ट्रेलियाची आणि वाइन बनते बालीत. आयात बाटलीपेक्षा स्वस्त, आणि रेड हवीच असेल तर मी हीच घेते.

खरं सांगायचं तर स्थानिक रेड मला जमली नाही. पातळ लागते. रोझे मात्र थंड असेल तर या बेटावरच्या जेवणाला तिच्यापेक्षा चांगला जोडीदार नाही, हे मत मी महागड्या बाटल्या चाखूनच बनवलंय. लोविनाच्या रस्त्यावर एका वारुंगमध्ये भाजलेला मासा आणि वर संबल माताह आला. कच्चे छोटे कांदे, गवती चहाचा कोवळा दांडा, मिरची, सगळं अगदी बारीक चिरून त्यावर गरम खोबरेल ओतलेलं, लिंबू पिळलेलं. बारीक कांदा अजून कडक होता आणि तेल बोटांना कोमट लागत होतं. त्या मिरचीपुढे तुरट, टॅनिनवाली रेड भांडायला उठते, तोंड आणखी पेटतं. थंड रोझे भांडत नाही. इबूने वाइनचे ग्लास नाहीत म्हणून चहाचे काचेचे पेले दिले, बिलात पेल्यांचं काही नव्हतं आणि अधिकची चिन्हंही नव्हती.

जिम्बारानच्या किनाऱ्यावर मासे वजनावर मिळतात, तेव्हा वजन समोर करून घ्या आणि भाव शंभर ग्रॅमचा की किलोचा ते आधी बोलून घ्या. नारळाच्या सोडणांवर भाजलेले मासे छानच. वाइनची यादी मी तिथे उघडतही नाही.

आता शिवण. आत जेलचे उभे कप्पे आहेत आणि ते सगळे खाली एकाच टिपेने बंद केलेत. एकाच. बाटली आत-बाहेर करताना घासते ती नेमकी तिथेच. वरच्या इलॅस्टिकला, जिथे काही ताण नाही, तिथे दुहेरी शिलाई आणि कंपनीचं भरतकाम केलेलं नाव! मी फोटो पाठवले. उत्तर आलं की वॉरंटी जेलला आहे, शिलाईला नाही, तेव्हा जेल शाबूत आहे का ते कळवा. जेल टेबलक्लॉथवर आहे असं कळवलं. मग विचारलं, वस्तू उष्ण हवामानात वापरली होती का. गार करणारी वस्तू मी कुठे वापरावी अशी त्यांची अपेक्षा होती कोण जाणे. शेवटी पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन, तेही ठरावीक रकमेपुढे. मेलची साखळी जपून ठेवली आहे.

टेबलक्लॉथचे पैसे रेस्टॉरंटने मागितले नाहीत, उलट रात्री उशिरापर्यंत वेटर पुसत बसला. म्हणून टिप नीट दिली, आणि तो खर्चही मी मनातल्या मनात कंपनीच्याच नावावर टाकला.

दुरुस्ती लोविनात झाली. रस्त्याच्या कडेला ‘तांबाल बान’ अशी पाटी असलेल्या पंक्चरवाल्याकडे नेली. त्याने रिकामा झालेला कप्पा पाण्याने धुतला, खालची कड पॉलिश पेपरने घासली, सोल्युशन लावून स्कूटरच्या ट्यूबची पट्टी बसवली आणि वर नायलॉनच्या दोऱ्याने टाके घातले. पैसे घेतले ते एका कॉफीपेक्षा कमी. एक कप्पा रिकामा, त्यामुळे त्या बाजूने जरा कमी गार होतं; बाटली अधूनमधून फिरवते. उरलेले कप्पे अजून धरून आहेत.

तारे तीन. रेडसाठी चार दिले असते, एक शिवणीने खाल्ला. व्हाइटच पिणार असाल तर घेऊ नका, बादली मागवा. घ्यायचीच असेल तर आत हात घालून खालची कड चाचपून बघा, टीप दुहेरी असेल तरच घ्या, आणि विमानात चेक-इनच्या सामानात टाका; केबिन बॅगेत जेल दिसलं की सिक्युरिटीवाले ते बाजूला काढतात आणि रांग आपल्याकडे बघत बसते.