बुंदी की शेखावाटी? जयपूर-उदयपूर झालेल्यांसाठी

जयपूर, उदयपूर, जैसलमेर करून आलेल्यांचा पुढचा प्रश्न बहुधा एकच असतो: राजस्थानात गर्दी नसलेलं काही उरलंय का? भरपूर उरलंय. पण चार-पाच दिवसांची सुट्टी आणि भिंतीवरच्या चित्रांची आवड असेल, तर माझ्या मते निवड दोन ठिकाणांत येते. कोट्याजवळच्या हाडौती भागातली बुंदी, नाहीतर सीकर-झुंझुनू पट्ट्यातली शेखावाटी. दोन्ही पाहिल्यावर माझं मन एकीकडे झुकलं आहे, पण ते कशामुळे झुकलं हे वाचून तुम्ही उलट निर्णय घेतलात तरी नवल नाही.

नुसती चित्रंच मोजायची तर शेखावाटीला तोड नाही. नवलगढ, मंडावा, फतेहपूर, रामगढ अशी गावंच्या गावं रंगवलेली. इथले शेठ व्यापारासाठी मुंबई-कलकत्त्याला गेले, पैसा मात्र गावाकडच्या हवेलीवर लावला. त्यामुळे एका भिंतीवर कृष्ण, तर शेजारच्या भिंतीवर आगगाडी, मोटार, ग्रामोफोन आणि हॅट घातलेला साहेब. आपल्याकडची ओळखीची नावंही भेटतात. माटुंग्याच्या पोदार कॉलेजचं पोदार घराणं मूळ नवलगढचं, आणि वर्ध्याचे जमनालाल बजाज जन्मले ते सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात. नवलगढची १९०२ सालची पोदार हवेली आता संग्रहालय आहे, रंगकाम नीट जपलेलं आहे आणि तिकीट काढून निवांत बघता येते.

अडचण सुरू होते ती त्यानंतरच्या हवेलीपासून. दाराला कुलूप. शेजारचा दुकानदार सांगतो, चौकीदार जेवायला गेलाय. मग कुणीतरी फोन लावतो, एक पोरगा सायकलवरून किल्ली आणतो, आणि आत नेता नेता माणशी किती द्यायचे याची बोली सुरू होते. आतल्या चौकात पोहोचावं तर बैठकीचं दार वेगळं आणि त्याची किल्ली दुसऱ्याकडे. एका ठिकाणी हत्तीच्या पोटातच विजेचा मीटर ठोकलेला होता. त्याचा फोटो काढायचेही वेगळे पैसे मागितले. आणि मालक कुठे असतात विचारलं, की उत्तर बऱ्याचदा ‘बंबई’. म्हणजे ते माझ्या शहरात आणि मी त्यांच्या कुलपापुढे! चौकीदाराला चार पैसे मिळावेत याबद्दल तक्रार नाही, बिचारा तोच घर सांभाळतो. पण दर हवेलीला तोच खेळ झाला की दुपारनंतर आपण चित्रं बघायचं सोडून खिशातले सुटे मोजत बसतो. मला तरी शेखावाटीचा कंटाळा आला तो इथेच. शिवाय गावं विखुरलेली, म्हणजे रोज दिवसभराची गाडी आली.

बुंदीत चित्रं कमी आहेत, पण ती एका चढावर, एका ठिकाणी आहेत. राजवाड्याचं तिकीट काढलं की घासाघीस संपली. वरच्या अंगाला चित्रशाळा. भिंतीभर निळसर हिरवा रंग, दाट झाडी, केळीची बनं, कमळांच्या तळ्यात बदकं आणि मधे रासलीला. ही बुंदीचा राजा उम्मेदसिंह याच्या काळातली. त्याची गादी जयपूरकरांनी बळकावली होती. ती १७४८ मध्ये परत मिळाली ती मल्हारराव होळकरांच्या मदतीने. त्याआधी १७३४ मध्ये बुंदीच्या राणीने मल्हाररावांना राखी बांधून मराठ्यांना बोलावलं होतं. हे ठाऊक असलं की मराठी माणूस त्या चौकात जरा जास्तच रेंगाळतो. निदान मी तरी.

खाली गावात १६९९ सालची राणीजी की बावडी ही पायऱ्यांची विहीर आहे आणि ती चुकवू नये. नवलसागर तलाव, निळी घरं, बाजार, सगळं पायी होतं. वरचा तारागढ किल्ला मात्र झाडोऱ्यात हरवलेला. माकडं धीट आहेत, हातात काठी ठेवावी. वाड्यात वटवाघळांचा वासही आहे, त्याला इलाज नाही. आणि चढण खरोखर उभी, दगड गुळगुळीत. गुडघे कुरकुरणारी मंडळी बरोबर असतील तर सपाट नवलगढच बरं, तिथे माझा आग्रह नाही.

जाण्यायेण्याचं पारडंही मुंबईकरांसाठी बुंदीकडेच कलतं. दिल्लीच्या मुख्य मार्गावर कोट्याला उतरायचं, तिथून बुंदी तासाभरावर, आणि जाता-येता कोट्याची कचोरी. शेखावाटीला आधी जयपूर आणि मग तीनेक तासांचा रस्ता. जयपूर पुन्हा करायचंच असेल तर हा मुद्दा अर्थात बाद.

पावसाळ्याच्या शेवटी बुंदीच्या टेकड्या हिरव्या असतात आणि तिकडच्या भाद्रपदात, म्हणजे आपल्या श्रावण वद्यात, कजली तीजेची जत्रा भरते. तेव्हा खोली आधीच सांगून ठेवा. शेखावाटी थंडीतच करावी. तीच ठरली तर मुक्काम मंडाव्यापेक्षा नवलगढला ठेवा, रामगढच्या समाधी-छत्र्यांसाठी एक सकाळ राखा, दहा-वीसच्या नोटा भरपूर घ्या आणि येताना चिडाव्याचे पेढे आणा.